चौथ्या माळेचे जवारे

आमच्या घरमालकांना कुणाच्याही चुलीपाशी जायला परवानगी लागत नसे. दार उघडं दिसलं की आत. "काय शिजतंय?" असं विचारायचं आणि उत्तराची वाट न बघता भांड्यात उजव्या हाताची करंगळी बुडवायची. लग्न होऊन मी देवासला आले, त्याच्या तिसऱ्या दिवशी ती करंगळी माझ्या आमटीत होती. मी डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढून भिंतीला चिकटले, आणि हा परका पुरुष चुलीपाशी उभा राहून मोठ्याने आकडे मोजतोय. एक, दोन, तीन. तीनला बोट बाहेर काढून त्यांनी फुंकर घातली आणि म्हणाले, "सूनबाई, पाच मोजेपर्यंत बोट ठेवता आलं तरच वाढायचं. इतकं कढत वाढलंस तर तोंडातला कारागीर मरतो." संध्याकाळी हे कचेरीतून आल्यावर मी सांगितलं, की आपण वेड्याच्या घरात बिऱ्हाड केलंय. हे म्हणाले, वेडे नाहीत गं, कंपौंडर आहेत. ती आमटी सासूबाईंनी गाईला घातली, ते निराळंच.

परवा एका बारशाला गेले होते. तिथं एक बाई भेटल्या, मला ओळखत नव्हत्या. बोलता बोलता म्हणाल्या, देवासात पूर्वी एक माथेफिरू कंपौंडर होता, त्याने भर नवरात्रात देवीच्या घटाला हात घातला, म्हणून त्याचा वंश बुडाला. वंश बुडाला म्हणे! अहो, त्या माणसाला मूलबाळ नव्हतंच. बायको त्या नवरात्राच्या दहा वर्षं आधीच वारलेली. बुडणार काय, कपाळ? मी बाईंना तिथल्या तिथं सुनावलं, पण बारशाच्या घरात किती बोलणार? म्हणून आता सगळं नीट सांगते. ज्याला ऐकवणार नाही त्याने खुशाल उठून जावं.

कंपौंडर म्हणजे दवाखान्यात डॉक्टरच्या चिठ्ठीप्रमाणे औषधं मिसळून बाटल्या भरणारा माणूस. आमचे घरमालक उंच, हाडकुळे, डोक्याला पागोटं, अंगात काळा कोट, आणि कोटाच्या खिशात आयोडीनची बाटली कायमची. त्यांचे आणि आमचे वाडवडील दक्षिणेतून मराठी फौजांबरोबर माळव्यात आलेले, तेव्हा आम्ही त्यांना दादा म्हणायचो. शेजारचे माळवी लोक डागदर भिया, म्हणजे डॉक्टरभाऊ, म्हणायचे. त्या वेळी देवासात दोन राजे, एकाची थोरली पाती, दुसऱ्याची धाकटी पाती, आणि शहराच्या गल्ल्याबोळसुद्धा दोघांनी वाटून घेतलेले. दादांच्या घराचं पुढचं दार थोरल्या पातीत उघडायचं आणि मागचं धाकट्या पातीत. मधल्या दोन खोल्यांत आम्ही, म्हणजे मी, हे आणि सासूबाई.

दादांची नोकरी गेली ती एका चिठ्ठीपायी. ते ज्या दवाखान्यात होते तिथल्या डॉक्टरने एका अपचनाच्या रोग्याला एकाच बाटलीत पेप्सिन आणि सोडा लिहून दिला. पेप्सिन म्हणजे जनावराच्या जठरातून काढलेला पाचक रस. त्याला काम करायला आंबट लागतं, सोड्यात घातला की तो निकामी. दादांनी चिठ्ठी परत पाठवली. डॉक्टरने तीच पुन्हा धाडली. असं दोनदा झाल्यावर दादांनी चिठ्ठीवर लाल शाईने 'मयत' असा शेरा मारला आणि रोग्याच्याच हाती देऊन त्याला डॉक्टरकडे पाठवलं. रोग्याला अक्षर वाचता येत होतं. तो बिचारा पायरीवरच मटकन बसला. डॉक्टर म्हणाले माफी मागा. दादा म्हणाले, मागतो, पेप्सिनची मागतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या मागल्या दारावर पाटी लावली, 'येथे पोटाविषयी सल्ला मिळेल'. मागलं का, तर दवाखाना थोरल्या पातीच्या हद्दीत होता आणि मागल्या दारी त्यांना कुणी विचारू शकत नव्हतं.

त्यांचं शिक्षणही असंच. मुंबईहून औषधांच्या पेट्या येत, त्यात बाटल्यांभोवती इंग्रजी वैद्यकीय मासिकांची पानं गुंडाळलेली असत. बाकीचे ती पानं चुलीत घालायचे. दादा ती सुरकुत्या काढून, वेळप्रसंगी दोरीवर वाळत घालून वाचायचे. त्यामुळे त्यांचं शास्त्र सगळं अर्ध्या अर्ध्या पानांचं. रंगात येऊन काही सांगत असले की मध्येच थांबायचे आणि म्हणायचे, "पुढचं पान दुसऱ्या कुणाच्या बाटलीला गेलं."

आता माझी नात शाळेतून येऊन मला एन्झाइम, विकर असले शब्द ऐकवते. मी तिला म्हणते, बाई गं, हे मला तुझ्या मास्तरांच्या जन्माआधीपासून ठाऊक आहे. दादा त्यांना कारागीर म्हणायचे. तोंडातल्या थुंकीत एक कारागीर, तो पिठाच्या पदार्थांचं काम करतो. जठरात दुसरा, तो डाळीमांसाचं. पुढं आतड्यात तुपातेलाचा आणखी निराळा. एकाने दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही. सोनाराला नाल ठोकायला सांगशील का, असं मला विचारायचे. आणि गंमत अशी, की हा कारागीर अन्नाची मोडतोड करून स्वतः मात्र होता तसाच राहतो, म्हणून थोडासा असला तरी पुरतो. लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखा. ह्या घरचं जुळलं की उपरणं झटकून निघाला पुढच्या घरी. विरजण जिवंत असतं, तसा तो जिवंत नसतो, पण त्याला खच्चून तापवलं की त्याचं काम कायमचं बंद. मग कितीही गार करा, उपयोग नाही. "तापवलं की मेलं," हे वाक्य आम्ही उठता बसता ऐकलं. घरात माझं नि सासूबाईंचं वाजलं की हेसुद्धा पेपराआडून पुटपुटायचे, तापवलं की मेलं.

जठराग्नी हा शब्द मात्र त्यांच्यापुढे काढायची सोय नव्हती. कुणी म्हणालं, दादा, अग्नी मंद झालाय, की झालंच. पोटात अग्नी असता तर थंडीत तू पोट पांघरुणात कशाला घातलं असतंस, असं त्याला विचारून भर रस्त्यात उभा करायचे. आणि पोटाची चौकशी करताना स्थळ, काळ, बाईमाणूस, काही बघायचे नाहीत. मी नवी नवरी, विहिरीवर चार बायकांत पाणी भरतेय, आणि हे ओसरीवरून ओरडून विचारतायत, "सूनबाई, काल वांगी खाल्लीस ना, आज सकाळी कसं झालं?" मी घागर तिथंच टाकून घरात पळाले होते. पुढं पुढं सवय झाली. एकदा तर मीही तिथूनच ओरडून सांगितलं, उत्तम झालं म्हणून. विहिरीवरच्या बायका आठवडाभर हसत होत्या.

सासूबाईंना मात्र ते कधीच पचनी पडले नाहीत, आणि त्याचं कारण धारला घडलं. सासूबाईंचं माहेर धारचं, अगदी जुन्या वळणाचं घर. त्यांच्या भाच्याचं लग्न होतं आणि घरमालक म्हणून दादांनाही अगत्याने नेलं. नेलं ते नेलं, पंगतीत एका शास्त्रीबुवांच्या शेजारी बसवलं. त्या दिवशी बाफले होते, उकडून भाजलेले कणकेचे गोळे, तुपात बुडवून वाढायचे. एक खाल्ला तरी माणूस आडवा होतो. वाढपी आग्रहावर आग्रह करतायत आणि दादा एकेक घास चावत बसलेत. त्यांचं जेवण म्हणजे तासाचं काम. शास्त्रीबुवा हसून म्हणाले, इतकं चावून अन्नाचं उष्टंच वाढवता आहात, थुंकी ती थुंकीच. दादा म्हणाले, थुंकीने पिठाची साखर होते. तोंडात घास धरा, पन्नास वेळा चावा, गोड लागला नाही तर मी पानावरून उठेन.

बाई बाई, काय ती पंगत! चाळीस माणसं गप्प, सगळ्यांचे गाल हलतायत, वाढपी लाडवांची ताटं घेऊन उभे. आम्ही बायका माजघराच्या झरोक्यातून बघतोय. अखेर शास्त्रीबुवांनी घास गिळला आणि प्रामाणिकपणे म्हणाले, गोड लागतोय खरा. इथं थांबायचं की नाही? पण कुणीतरी म्हणालं, तुपामुळे लागत असेल. दादांनी दोन द्रोण मागवले, दोन्हींत तांदळाची गार पेज घातली, आणि सगळ्यांच्या देखत, भर पंगतीत, एका द्रोणात थुंकले.

मग जे व्हायचं ते झालं. नवरदेवाचे काका पानावरून उठले, त्यांच्यामागे अख्खी ओळ उठली. दादा आपले बसून. थोड्या वेळाने त्यांनी दोन्ही द्रोणांत आयोडीनचे थेंब टाकले. नुसती पेज काळीनिळी झाली, थुंकीची पेज आयोडीनच्या रंगाने पिवळट झाली, एवढंच. "पिठाचं पीठपण गेलं," असं ते शास्त्रीबुवांना समजावून सांगत होते. शास्त्रीबुवा एकटेच बघायला थांबले होते, हेही सांगितलं पाहिजे. पण माझ्या सासूबाईंच्या माहेरचा मांडव बाटला तो बाटला. पंगत पुन्हा मांडावी लागली. परतताना बैलगाडीत देवासपर्यंत सासूबाई दादांकडे पाठ करून बसल्या, आणि पुढं दोन वर्षं त्यांनी दादांशी बोलताना भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर मला मुलगी झाली. ती अकरा महिन्यांची असताना गोवर निघाला. गोवर गेला, पण जाताना पोरीचं पोट घेऊन गेला. दूध टिकेना, दिवसातून दहा दहा वेळा कपडे बदलायचे. वैद्य म्हणाले, नुसती पातळ पेज द्या. पातळ पेज म्हणजे पाणीच. पोर ते प्यायची आणि वाळत जायची. घट्ट पेज केली की घशात अडकायची, उलटून पडायची. भाद्रपद संपता संपता तिच्या मांड्यांची कातडी लोंबायला लागली. मी तिला तेल लावताना डोळे मिटून घ्यायची.

सर्वपित्रीच्या दोन दिवस आधी दादा एक वाटी पीठ घेऊन आले. गहू भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून दळलेलं. त्यांनी मला समोर बसवून दाखवलं. घट्ट पेज शिजवायची, एवढी घट्ट की पळी उभी राहील. खाली उतरवून निवू द्यायची. करंगळी घालून पाच मोजता आले, की ह्यातलं चमचाभर पीठ घालून ढवळायचं. मोड येताना दाणा आपलं स्वतःचं पीठ पचवायला स्वतःच कारागीर तयार करतो, आपण फक्त तो उसना घ्यायचा. मी ढवळत होते आणि बघता बघता ती पेज सैल झाली, पळीवरून दुधासारखी ओघळली. एवढ्या एका वाटीत दाणे होते तितकेच, पण घशाखाली उतरण्याजोगे. पेज सैल झाली की मग हवी तेवढी उकळा, दादा म्हणाले. काम झाल्यावर मरू दे बेट्याला.

दोन दिवस पोर जेवली. खरंच जेवली. दोन दिवसांत तिने एकदा माझं नाक ओढलं.

आणि मग मी काय केलं ते सांगते, लपवत नाही. सासूबाई म्हणाल्या, कच्चं पीठ लेकराला घालतेस, पोटात गोळा धरेल. आजाऱ्याला द्यायचं पीठ भाजून द्यावं, हे आमच्या घरात पाळण्यापासून शिकवतात. त्यांचं काही खोटं नव्हतं, जन्मभर तेच केलं त्यांनी. आणि मला वाटलं, भाजलं तर आणखी हलकं होईल. मी कढई ठेवली, चमचाभर तूप सोडलं, आणि ते सगळंच्या सगळं पीठ मंद आचेवर गुलाबी होईपर्यंत परतलं. घरभर वास सुटला. आम्ही दोघी सासवासुना त्या दिवशी किती दिवसांनी एकमेकींशी गोड बोललो.

दुसऱ्या दिवसापासून पेज सैल होईना. चमचा घाल, दोन घाल, पेज तशीच. पोरीच्या घशात अडकायला लागली, ओकायला लागली. मला कळत होतं काय झालंय. 'तापवलं की मेलं' हे ज्या घरात भिंतींनाही पाठ, त्या घरातली मी! पण दादांना सांगायची लाज वाटली. आज होईल, उद्या होईल, असं करत तीन दिवस काढले. त्यातच नवरात्र बसलं होतं.

आता घटाचं सांगते. दादा देवधर्माला हसत असतील असं कुणाला वाटेल. मुळीच नाही. बायको गेल्यावर त्यांनी कुळाचा घट स्वतः बसवायला घेतला होता. पत्रावळीवर माती, मातीत गहू नि सातू पेरलेले, मधे पाण्याचा घट, शेजारी अखंड दिवा, रोज एक नवी माळ. आमच्याकडे नवरात्राचे दिवस माळेनेच मोजतात. पेरलेलं धान नऊ दिवस वाढू द्यायचं, हात लावायचा नाही, दसऱ्याला काढून देवीला वाहायचं आणि पुरुषांनी पागोट्यात खोवायचं. माळवी लोक त्या कोंबांना जवारे म्हणतात, आणि इथं राहून आम्हीही तेच म्हणायला लागलो. नऊ दिवस दादा अनवाणी असायचे, एक वेळ फळं खायचे आणि रोज पहाटे टेकडीवर देवीच्या दर्शनाला चढायचे. असा तो माणूस नास्तिक.

चौथ्या माळेला दुपारी ते आमच्याकडे डोकावले. पोर माझ्या मांडीवर होती. डोळे खोल गेलेले, रडायचीही ताकद नाही, नुसती तोंड उघडत होती. दादांनी पेजेची वाटी उचलली. चमचा त्यात उभा होता.

"भाजलंस?"

मी मान हलवली. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खाली बसले आणि पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडून बघितली. पीठ उरलं नव्हतं. नवं करायचं तर एक रात्र भिजवणं, वर मोड यायला तीन दिवस. मी म्हणाले, मी चावून भरवते हिला, माझं उष्टं चालेल ना? धारच्या पंगतीतलं सगळं मला आठवत होतं. ते म्हणाले, तुझं तोंड आलंय, फोड दिसतायत मला इथून, आजारी पोरीच्या पोटात तुझं दुखणं घालू नकोस. सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, भाज असं मी सांगितलं तिला. भिंतीकडे तोंड न करता म्हणाल्या.

दादा उठले आणि आपल्या देवघराकडे गेले. मी पोरीला घेऊन मागोमाग. चार दिवसांचे कोंब बोटभर वाढलेले, पिवळसर हिरवे. दादांनी पागोटं काढून खाली ठेवलं. मला वाटलं नमस्कार करतील. ते उभेच राहिले आणि देवीशी शेजारणीशी बोलावं तसं बोलले.

"आई, नऊ दिवस तुझे आहेत, ठाऊक आहे मला. मला हे आज पाहिजे. राग आला तर माझ्यावर काढ, माझं दार तुला माहीत आहे."

आणि त्यांनी घटाभोवतालचं धान मुठीने उपटलं. घट हलू दिला नाही, दिवा विझू दिला नाही. तीन मुठी भरून जवारे, मुळांना माती लोंबतेय. माझ्या मागे सासूबाई होत्या. त्यांच्या तोंडून नुसता हुंदका आला.

उकळून निववलेल्या पाण्यात ते दाणे दादांनी किती वेळा धुतले, मी मोजले नाहीत. मातीचा कण राहिला नाही तेव्हा पाट्यावर स्वतः वाटले, स्वच्छ फडक्यातून पिळून रस काढला. सासूबाईंनी न सांगता चूल पेटवून घट्ट पेज रटरटवली होती. ती उतरवली. दादांनी करंगळी घातली, पण तोंडातून आकडा निघेना. शेवटी सासूबाईंनी आपली करंगळी पेजेत घातली आणि मोजले, एक, दोन, तीन, चार, पाच. मग रस ओतला. आम्ही तिघं त्या पातेल्याकडे बघत बसलो. जन्मात कुठल्या देवाकडे मी तसं बघितलं नसेल. आधी कडेने सुटली, मग मधूनही सैल झाली, आणि पळीवरून धार लागली. एक उकळी काढून, निववून, मी पहिला चमचा पोरीच्या ओठांना लावला. तिने गिळला. दुसरा गिळला. सात चमचे गिळून ती माझ्या हातावर झोपली, आणि ओकली नाही.

पुढचे तीन दिवस ते धान पुरलं. तेवढ्यात दादांनी भिजत घातलेल्या गव्हाला मोड आले. सातव्या माळेला पोर भूक लागली म्हणून रडली. मोठ्याने, रागाने, हात पाय झाडून. मी तिला गप्प केलं नाही, रडू दिलं. सगळ्या गल्लीला ऐकू जाऊ दे म्हटलं.

गल्लीला आणखीही काही ऐकू गेलं होतं. आठव्या माळेला चार वडीलधारी माणसं दादांच्या ओसरीवर आली. म्हणणं असं, की बसलेल्या घटाचं धान उपटलं, आता देवीचा कोप सगळ्या गल्लीवर होईल. दादांनी प्रायश्चित्त घ्यावं आणि सगळ्यांसमोर चूक कबूल करावी, नाहीतर दसऱ्याला गल्लीबरोबर निघू नये. आम्ही सासवासुना दाराआड उभ्या होतो. वाटत होतं, म्हणावं ह्यांनी एकदा चुकलं म्हणून, काय जातं? शेजारपाजार तुटला तर एकटा माणूस जगायचा कसा?

"पोर गेली असती तर तुमच्या प्रत्येकाच्या उंबऱ्यावर नाक घासलं असतं," दादा म्हणाले. "ती जेवतेय. मी माफी कशाची मागू, तिच्या जेवणाची? देवीला काही म्हणायचं असेल तर रोज पहाटे भेटतोय मी तिला वर. अजून काही बोलली नाही."

ते चौघं उठून गेले. त्या दिवसापासून ओसरीवर कुणी फिरकलं नाही. मागल्या दाराची पाटीही कुणीतरी काढून नेली. दादा येऊन माझ्या आमटीत करंगळी बुडवून गेले, पण आकडे मनात मोजले.

दसऱ्याला दुपारी गल्लीतले सगळे पुरुष नवे कपडे घालून सीमोल्लंघनाला निघाले. प्रत्येकाच्या पागोट्यात हिरवे पिवळे जवारे खोवलेले. दादाही निघाले. पागोटं कोरं, त्यात काडीसुद्धा नाही. लोकांनी त्यांच्याभोवती चार हात जागा सोडली होती. ते मान ताठ ठेवून चालत होते, पण मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, त्यांचे कान लाल झाले होते. आमचे हे धावत जाऊन त्यांच्या शेजारून चालायला लागले. मी दारात उभी राहून बघत होते. तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या कडेवरची पोर घेतली आणि सरळ रस्त्यात उतरल्या. आमच्यात बायका त्या वेळी पुरुषांच्या घोळक्यात जात नसत, आणि माझ्या सासूबाईंचा आवाज तर रस्त्यावर कुणी ऐकलाही नव्हता. मीही मागे धावले.

पुढून एकाने दादांना मुद्दाम मोठ्याने विचारलं, "भिया, तमारा जवारा कां गया?" तुमचे जवारे कुठे गेले म्हणे! दोघंचौघं हसले. दादांचा हात कोऱ्या पागोट्याकडे गेला.

सासूबाई पुढे झाल्या. डोक्यावरचा पदर मागे घसरला होता, तो त्यांनी सावरला नाही. पोरीला दोन्ही हातांनी उचलून त्यांनी त्या माणसाच्या तोंडासमोर धरलं.

"इका पेट में हे," त्या म्हणाल्या. "दर्शन घ्यायचं असेल तर हिच्या पाया पडा."

कुणी पाया पडलं नाही. पण हसणं थांबलं, आणि ज्याने विचारलं होतं तो बाजूला सरकला. मग आम्ही सगळे दादांच्या बरोबरीने रस्त्याच्या मधून शिवेपर्यंत चालत गेलो, सासूबाई सगळ्यांत पुढे.